मलिक अंबरची खडकी कशी पाहावी: पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर कोणी वसवलं असं विचारलं, तर बाहेरगावचे बहुतेक लोक बेधडक औरंगजेबाचं नाव घेतात. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पहिल्यांदा आला १६३६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १६१० मध्ये, मलिक अंबरने खडकी नावाच्या खेड्यावर निजामशाहीची राजधानी मांडली होती. आजच्या जुन्या शहराचा सांगाडा त्या खडकीचा आहे. पण ती सरळ दिसत नाही. तिच्यावर मोगलांचं बांधकाम चढलं, मग हैदराबादच्या निजामांचं, म्हणजे आसफजाही, आलं, मग महापालिकेचे पेव्हर ब्लॉक. पर्यटनाच्या ठरलेल्या फेरीत तर अंबरचं नाव जेमतेम निघतं. म्हणून ही वाट लिहून ठेवतोय.

काटेकोर बोलायचं तर अंबर राजा नव्हता. १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेलं हे पोर गुलाम म्हणून विकलं गेलं. बगदादमार्गे दख्खनला आलं आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी पडलं. चंगीजखान स्वतःही हबशीच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा अंबरने परंड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, राज्य स्वतः चालवलं. नाणी निजामशहाची, हुकूम अंबरचा. त्यामुळे या लेखात त्याला राजाच्याच मापाने मोजलंय.

१. निघण्याआधी वर्षांची चाळणी लावून घ्या

ही पायरी वगळू नका. जुन्या शहरात प्रत्येक कमान, प्रत्येक मशीद ‘चारशे वर्षांपूर्वीची’ असते. निदान सांगणारा तरी तसंच सांगतो. तुम्ही फक्त दोन आकडे डोक्यात ठेवा: १६१० आणि १६२६. समोरची वास्तू या दोनांच्या मध्ये बसते का, एवढंच विचारायचं.

या चाळणीतून भल्या भल्या वास्तू खाली गळतात. बीबी का मकबरा गळतो, तो औरंगजेबाच्या काळातला, त्याची बेगम दिलरस बानूसाठी बांधलेला. शहराचा तट आणि बहुतेक दरवाजे गळतात, तेही औरंगजेबाच्याच काळातले. ‘बावन्न दरवाज्यांचं शहर’ ही बिरुदावली अंबरच्या खाती टाकू नका. सिटी चौकातली चौक मशीद शाहिस्तेखानाची, १६६५ ची. पाणचक्की तर थेट अठराव्या शतकात जाते. वर उरतं ते थोडं, पण अस्सल.

थोडंच का उरलं, यालाही कारण आहे. १६१६ मध्ये जालन्याकडच्या रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मोगल फौज खडकीत घुसली. शहराची नासधूस झाली. १६२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा अंबरने शहर परत उभं केलं. पण लाकूड आणि माती एकदा जळाली की गेली. टिकले ते दगड आणि जमिनीखालचं पाणी.

वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळा. हेच शहर कागदपत्रांत खडकी, फतेहनगर (अंबरचा मुलगा फतेहखान याच्यावरून), औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशा चार नावांनी सापडतं. एका नावाने शोधलंत तर निम्मी माहिती हाती लागणार नाही.

२. सोबत काय घ्यायचं

- आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र. खुलदाबादला पोलीस बंदोबस्त असला की विचारतात.
- डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी. मशिदीत आणि दर्ग्यात लागतेच, उन्हातही लागते.
- पटकन काढता-घालता येतील अशा चपला. लेसचे बूट घातलेत तर दिवसभर वाकत बसाल.
- लहान टॉर्च. मोबाईलचा उजेड जुन्या भुयारी बांधकामात पुरत नाही, शिवाय बॅटरी संपते.
- पाण्याची बाटली आणि सुटे पैसे. शेअर रिक्षात पाचशेची नोट काढलीत तर वाद नक्की.

ड्रोन आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि ती परवानगी दारावर मिळत नाही.

३. दिवस कसा निवडायचा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये इथला दगड दुपारी अकरानंतर हात लावू देत नाही.

शहरातली फेरी शुक्रवारी ठेवू नका, दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटक म्हणून फिरणं बरं दिसत नाही. खुलदाबाद शनिवारी टाळा. तिथला भद्रा मारुती प्रसिद्ध आहे, शनिवारी आणि विशेषतः श्रावणात रस्ता गर्दीने भरून जातो. वेरूळ जोडायचं असेल तर मंगळवारी लेणी बंद असतात. दोन सलग दिवस काढा: पहिला शहरासाठी, दुसरा दौलताबाद-खुलदाबादसाठी. एका दिवसात उरकायचं म्हटलं तर नुसती दरवाज्यांसमोरची छायाचित्रं घरी न्याल.

४. सुरुवात भडकल दरवाज्यापासून

सकाळी साडेसात-आठला पोहोचा. नंतर वाहतूक इतकी वाढते की मागे सरकून कमान पाहायला जागा राहत नाही. रिक्षावाल्याला नुसतं ‘भडकल गेट’ म्हणा, बाकी काही समजावू नका. शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, ती खूण पक्की.

१६१२ चा हा दरवाजा मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून उभारला असं सांगितलं जातं. तटातले इतर दरवाजे पाहिलेत की फरक कळतो. ते तटाला पाडलेलं भोक आहेत, बाजूला बुरूज आणि वर जंग्या, म्हणजे मारा करायची छिद्रं. भडकल ही स्वतंत्र इमारत आहे. आत शिरून मध्यभागी थांबा आणि वर बघा. खांबांवर तोललेल्या कमानी आणि त्यांवरचं छत पाहिलं की कळतं, इथून राजधानीत शिरणाऱ्या माणसावर छाप पाडायची होती. लोक बाहेरून सेल्फी काढतात आणि जातात. आतलं छत पाहायचं राहून जातं.

५. नौखंडा: अपेक्षा कमी ठेवा

भडकलपासून पायी जाण्याच्या अंतरावर नौखंड्याचा परिसर आहे. अंबरने १६१६ मध्ये इथे महाल बांधला. पुढे हैदराबादच्या पहिल्या निजामाने, आसफजाहने, त्यात भर घातली. आज तिथे महिलांचं महाविद्यालय आहे आणि जुनं बांधकाम अगदी थोडं शिल्लक आहे. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, जनाना, मशीद, कचेरी असं सगळं इथे होतं. ते वर्णन वाचून गेलात तर निराश व्हाल.

आत जायचं असेल तर फाटकावर रीतसर विचारा. मुलींचं महाविद्यालय आहे, भिंतीवरून डोकावून कॅमेरा लावू नका. नाही म्हणाले तर बाहेरूनच एक गोष्ट लक्षात घ्या: भडकल आणि नौखंडा या दोन जागा मनात जोडल्या की दरवाजा इतका दांडगा का आहे ते उलगडतं. तो महालाच्या वाटेवरचा दरवाजा होता.

६. जुना बाजार आणि जामा मशीद: इथे वेळ काढा

नौखंड्याहून जुन्या बाजारात शिरा. काळी मशीद विचारा. काळ्या दगडातली, उंच जोत्यावरची, सहा खांबांची साधीसुधी इमारत आहे. अंबरने बांधलेल्या अशा एकाहून अधिक ‘काळ्या मशिदी’ शहरात सांगितल्या जातात, त्यामुळे ‘जुन्या बाजारातली’ असं स्पष्ट म्हणा. आत नमाज चालू असेल तर थांबा. चहाच्या टपऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत.

तिथून आमखास मैदानाकडे चालत जा. जामा मशीद तिथेच, किले अर्क या औरंगजेबाच्या कोटबंद महालाजवळ. माझ्या मते अख्ख्या फेरीतली ही सगळ्यात बोलकी वास्तू आहे, कारण इथे दोन सत्ता एकाच भिंतीत मोजता येतात.

समोरच्या दर्शनी कमानी मोजा. नऊ भरतात. त्यांतल्या पाच अंबरच्या, १६१२ च्या. उरलेल्या चार औरंगजेबाने वाढवल्या. ज्याच्या बापजाद्यांशी अंबर आयुष्यभर लढला, त्याच घराण्यातल्या औरंगजेबाने अंबरची मशीद पाडली नाही, तिलाच पुढे चार कमानी जोडल्या. आत पाच रांगांत पन्नास खांब आहेत, त्यांच्या कमानींनी जागेचे सत्तावीस सारखे चौक पाडलेत आणि प्रत्येकावर घुमटाकार छत आहे. एका कोपऱ्यात उभं राहून तिरकं पाहा. खांबांच्या ओळी तेव्हा नीट उलगडतात. जुना भाग आणि वाढीव भाग कुठे मिळतो ते कोणाला न विचारता शोधून बघा. खूप लोक पंधरा मिनिटांत हार मानतात.

आत जाताना दारावरच्या कुणाही वडीलधाऱ्याला सलाम करून ‘देखने आए हैं’ एवढं सांगितलं की पुरतं. इथली बोली दखनी-मराठी मिसळलेली आहे, मराठीत बोललात तरी कुणाचं काही अडत नाही. बायकांनी कुठवर जायचं ते आधी विचारून घ्यावं, जागेगणिक रिवाज वेगळा.

दुपारचं जेवण याच भागात करा. मांसाहारी असाल तर नान-खलिया, शहराची खरी ओळख. शाकाहारी असाल तर गुलमंडीकडे सरका.

७. नहर समजून घ्या, मग शोधा

अंबरचं सगळ्यात मोठं काम जमिनीवर नाहीच. खडकी हे नावच खडकाळ जागेचं. खाम नदी शेजारून वाहते, पण तिच्या भरवशावर राजधानी चालत नाही. अंबरने उत्तरेकडच्या हर्सूल-सावंगीच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणलं. हीच नहर-ए-अंबरी.

काम कसं चालायचं? डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी भुयारात गोळा करायचं. भुयाराला शहराच्या दिशेने अगदी हलका उतार. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. ठराविक अंतरावर वर जमिनीपर्यंत विहिरीसारखी तोंडं ठेवायची, हवा खेळावी आणि माणसाला उतरून सफाई करता यावी म्हणून. शहरात आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून फिरवायचं आणि मध्येमध्ये मनोरे उभारायचे. मनोऱ्यात पाणी आपल्याच दाबाने वर चढतं, नळात अडकलेली हवा निघून जाते आणि पुढे हौदांना, घरांना वाटणी होते. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. उताराच्या हिशेबावर सगळं.

जवळपास त्याच काळात, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा नावाची अशीच भूमिगत योजना मोगलांच्या बाजूने झाली. ती करवणारा अब्दुल रहीम खान-ए-खाना, म्हणजे रणांगणावर अंबरच्या समोर उभा राहणारा सेनापती.

आता सापळा. ‘नहर दाखवतो’ म्हणून कोणी झाकण उचलून आत उतरायला सांगितलं तर उतरू नका. जुन्या नहरींत आज सांडपाणी मिसळलेलं असतं, हवा कोंडलेली असते आणि चुन्याचा गिलावा कधी सुटेल याचा नेम नाही. वरून टॉर्च मारून पाहता आलं तर पाहा, तेवढं पुरे. ही तोंडं घरांच्या परसात, रस्त्याच्या कडेला, बागेत अशी विखुरलेली आहेत. काही बुजली आहेत, काहींवर लोखंडी जाळी आहे. शहरातल्या वारसाप्रेमी मंडळींच्या हेरिटेज वॉकमध्ये जागा मिळाली तर नहरीसाठी तोच सर्वांत चांगला मार्ग, कारण कुठलं तोंड आज उघडं आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

८. पाणचक्की, पण चुकीच्या कारणाने नाही

पाणचक्कीला जरूर जा. फक्त ‘ही मलिक अंबरने बांधली’ यावर मान डोलवू नका. ही बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची जागा. अठराव्या शतकात तुर्कताजखानाने इथलं पाण्याचं काम करवलं, आणि तिची नहर अंबरच्या नहरीपेक्षा वेगळी आहे.

मग जायचं कशाला? मागच्या पायरीत वाचलेलं तंत्र इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं म्हणून. लांबच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून येतं, मनोऱ्यात वर चढतं आणि हौदात पडतं. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण व्हायचं. हौदाच्या पोटात दालन आहे, उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. अंबरच्या नहरीतलं पाणी तुम्हाला असं वर चढताना दिसणार नाही, म्हणून हा धडा इथे गिरवायचा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी नसू शकतं. पावसाळा संपता संपता आलात तर सगळ्यात छान.

पहिला दिवस इथे संपतो.

९. दुसरा दिवस: दौलताबाद, मोजून

मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलदाबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एसटी धरा किंवा काळीपिवळी. दौलताबाद पंधराएक किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचा.

किल्ला यादवांचा, खिलजी-तुघलकांचा, बहमनींचा, निजामशाहीचा, सगळ्यांचाच. सगळं पाहायचं तर दिवस जातो. अंबरसाठी आला असाल तर शिखरापर्यंत चढायची गरज नाही. राजधानी खडकीला असली तरी तिची पाठ या किल्ल्याला टेकलेली होती. शत्रू शहरात घुसला तर हटून बसायची जागा हीच. पहिल्या तटाच्या दरवाज्यांची वळणं नीट बघा: एक दरवाजा ओलांडला की पुढचा समोर नसतो, त्यामुळे हत्तीला धाव घेता येत नाही. मग काळाकोटाच्या, म्हणजे आतल्या तटाच्या, भागात निजामशाही महालांचे पडके अवशेष पाहा आणि खंदकापर्यंत जाऊन परत फिरा. १६३३ मध्ये फतेहखानाने हा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि बापाने उभं केलेलं सगळं तीन वर्षांत संपलं.

पावसात पायऱ्या निसरड्या होतात. खंदकापलीकडे गेलात तर अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं असतात, वासाची तयारी ठेवा. बाहेर हंगामात सीताफळं आणि पेरू मिळतात, परत येताना घ्या. जातानाच घेतलीत तर माकडं ठेवणार नाहीत.

१०. खुलदाबाद: नाव नीट घ्या

दौलताबादहून घाट चढला की खुलदाबाद. शहरातल्या रिक्षावाल्याला ‘मलिक अंबरचा मकबरा’ म्हटलंत तर तो फक्त शेवटचा शब्द ऐकतो आणि बीबी का मकबऱ्याला नेऊन सोडतो. आधी ‘खुलदाबाद’ म्हणा. खुलदाबादला उतरल्यावर ‘मलिक अंबर’ म्हणा. नाहीतर इथेही तुम्हाला औरंगजेबाच्या कबरीकडेच वळवतील, कारण बहुतेक लोक तीच विचारतात. अंबरची कबर गावाच्या वायव्येला, जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्याच्या बाजूला.

चौकोनी, घुमटाची दगडी इमारत. शेजारी तशीच पण लहान इमारत आहे, ती त्याच्या बायकोची, बीबी करीमाची. भोवती मोकळं रान. गर्दी क्वचितच असते. घुमटाखालच्या भिंतींवरचं कोरीव काम आणि कोनाडे सावकाश पाहा. मग बाहेर येऊन दोन्ही इमारतींची मापं डोळ्यांनी तोला. सकाळच्या तिरक्या उन्हात दगडाची घडण उठून दिसते, दुपारी सगळं सपाट होतं. जमलं तर दिवसाचा क्रम उलटा करा: आधी खुलदाबाद, मग खाली दौलताबाद.

एक सूचना. इथल्या कबरींवरून अधूनमधून राजकीय वातावरण तापतं. तशा दिवसांत जाऊ नका. गेलात तर व्हिडिओ काढत शेरेबाजी करू नका, पोलिसांनी थांबवलं तर ओळखपत्र दाखवा आणि सरळ सांगा की मलिक अंबरची कबर पाहायला आलोय. गावातले लोक समंजस आहेत, पण बाहेरून येऊन भांडण लावणाऱ्यांना ते कंटाळलेत.

वेळ उरला तर वेरूळ इथून अगदी जवळ आहे. लेण्यांसाठी वेगळा दिवस ठेवा, पण गावातली मालोजीराजांची गढी पाहून घ्या. मालोजींचे पुत्र शहाजीराजे आणि शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. अंबरच्या फौजेत मराठा सरदार किती मोठ्या संख्येने होते आणि डोंगराआडून झडप घालून पसार होण्याची लढाई ते कुठे शिकले, या प्रश्नाची सुरुवात या गढीपासून करता येते.

परंडा या फेरीत बसत नाही, ते धाराशिव जिल्ह्यात. किल्ला उत्तम अवस्थेत आहे आणि अंबरची सत्ता सुरू झाली ती तिथून, त्यामुळे त्यासाठी बार्शीकडून वेगळा दिवस काढा.

खुलदाबादहून परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते उतरल्या उतरल्या स्थानकावर विचारून ठेवा. संध्याकाळनंतर काळीपिवळी भरेपर्यंत हलत नाही, आणि घाटात अंधारात उभं राहून हात दाखवण्यात मजा नाही.